चौदा फुटांचा उतार

अंबिका मॅडमना उचलायला शेवगावात माणसांची कधी कमी पडली नाही. बँकेच्या पायऱ्या आल्या की पानटपरीवरची दोघं-चौघं आपणहून उठायची. कचेरीत गेल्या की शिपाई ओरडायचा, "या रं, मॅडमला वर घ्या." चाकाच्या खुर्चीसकट माणसं त्यांना उचलायची, वर ठेवायची आणि पुण्य पदरात पडल्यासारखे हात झटकून निघून जायची. आपल्याकडं कुणी पायरी फोडत नाही, माणूस उचलतात. त्यात कुणाचा हेतू वाईट नव्हता, आणि खरी पंचाईत हीच होती. हेतू वाईट असता तर मॅडमना भांडता तरी आलं असतं.

स्नायूंचा आजार बाराव्या वर्षी लागला. आधी पळताना पडायच्या, मग चालताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. नगरला बी.एस्सी. भिंत धरून केली, एम.एस्सी. मैत्रिणीचा खांदा धरून. कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवायला लागल्या तेव्हा हातात काठी होती. बत्तिसाव्या वर्षी खुर्ची आली. आता वय एक्केचाळीस. हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळं फळ्यावर लिहायला एक मुलगी आणि बोलायला मॅडम, असा वर्ग चालायचा. आणि तो असा चालायचा, की शेजारच्या तुकडीतली पोरं खिडकीशी येऊन बसायची.

विलायतेतल्या त्या खुर्चीतल्या शास्त्रज्ञाचं चित्र मॅडम शिकत होत्या तेव्हापासून त्यांच्या घरी होतं. एकविसाव्या वर्षी डॉक्टरांनी ज्याला जेमतेम दोन वर्षं दिली, तो वयाच्या शहात्तरीपर्यंत जगला. शेवटी शेवटी गालाचा एक स्नायू तेवढा हलायचा, आणि तेवढ्यावर यंत्राकडून बोलून त्यानं जगाला विश्वाचा जन्म समजावून सांगितला. त्याचं म्हणणं होतं, की जे काम करायला शरीर आड येत नाही त्यात जीव ओता, बाकीच्याचा शोक करू नका. अंबिका मॅडमनी ही गाठ कधीच पदराला मारली होती. फिजिक्सला त्यांचं शरीर आड येत नव्हतं. आड येत होत्या प्रयोगशाळेच्या दोन पायऱ्या. उंची चौदा इंच.

नऊ वर्षं पोरांनीच त्यांना त्या पायऱ्यांवरून नेलं. गेल्या ऑगस्टात फरशी ओली होती. एकाचा पाय सरकला, खुर्ची कलली आणि मॅडम पोरांच्या अंगावर गेल्या. हाड मोडलं नाही. पण साडी सावरायला हात पोचेना, आणि सतरा-अठरा वर्षांची ती पोरं माना फिरवून उभी राहिली, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, यापुढं मला कुणी उचलायचं नाही.

झालं, फिजिक्सचं प्रॅक्टिकल केमिस्ट्री शिकवणाऱ्या रंगनाथ सरांकडे गेलं. माणूस चांगला, पण त्यांच्या तासाला पोरं लंबकाला हातही न लावता गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवायची. फेब्रुवारीत परीक्षा. प्राचार्य शामकांत सरांनी सौम्यपणे सांगितलं होतं, की डिसेंबरअखेर सोय झाली नाही तर जानेवारीपासून प्रॅक्टिकल कायमचं रंगनाथ सरांकडे. तुम्हालाही आराम, मॅडम.

मॅडमना आराम नको होता. त्यांनी अर्ज दिला. दर इंचाला एक फूट, म्हणजे चौदा इंचांना चौदा फुटांचा उतार. खाली आकृतीही काढून दिली. शामकांत सरांनी अर्ज वाचला, वा वा म्हणाले आणि ठेवून दिला. त्या पायऱ्यांसमोर पत्र्याच्या शेडखाली सरांची गाडी उभी राहायची. उतार केला की गाडी उन्हात.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छगन शिपाई धावत वर्गाच्या दाराशी आला. म्हणाला, "मॅडम, तुमचा उतार झाला."

मॅडमनी तास तिथंच थांबवला. फळ्याजवळच्या मुलीनं खुर्ची ढकलली. पण छगन प्रयोगशाळेकडं वळलाच नाही, तो मैदानाकडं निघाला. भाषणाच्या स्टेजला एक कोरा उतार जोडलेला होता. त्यावर देणगीदाराच्या नावाची फरशीसुद्धा बसली होती. भिमाजी गवंडी सिमेंटवर पाणी मारत होता.

शामकांत सर तिथंच उभे होते. तीन डिसेंबरला अपंग दिन, बाहेरून पाहुणे येणार, मुख्य भाषण मॅडमचं. विषय दरवर्षीचाच, त्या शास्त्रज्ञाचं चरित्र आणि विचार. पोरांना प्रेरणा मिळते, असं सांगून सर समाधानानं ऑफिसकडं गेले.

भिमाजी पुढं आला. "कसा झालाय, बाई? उसाची ट्रॉली चढंल."

"ट्रॉली चढेल, मामा. तिला पुढं ट्रॅक्टर असतो."

भिमाजी हसला. मॅडम हसल्या नाहीत. स्टेज तीन फूट उंच आणि उतार जेमतेम सहा फूट. यावरून त्यांची खुर्ची वर जायची तर पोरांनी मागून रेटायचं, आणि खाली येताना देवाचं नाव घ्यायचं. छत्तीस फूट लागतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा भिमाजीनं कपाळाला हात लावला.

"छत्तीस म्हंजी पार रस्त्यावर जाईल की, बाई."

"म्हणून तर म्हणते, लॅबपाशी करा. तिथं चौदाच लागतात."

"तितं सायबाची गाडी हाय. मला सायबानी सुतळी लावून माप दिलं, तेवढं मी केलं." मग जरा वरमून म्हणाला, "आमी ट्रॉल्यायचंच उतार केल्यात. मानसाचा उतार आमाला कुनी सांगतंय व्हय?"

तीन तारखेला मांडव भरला. सरांनी माईकवरून नाव पुकारलं, छगन आणि चार पोरं बाह्या सरसावून खुर्चीमागं आली. मॅडमनी उताराच्या तळाशी ब्रेक लावला आणि माईक खाली मागितला.

"दरवर्षी मी तुम्हाला सांगते, त्यानं खुर्चीत बसून तारे मोजले," त्या म्हणाल्या. "एक सांगायचं राहत होतं. त्याच्या गावात त्याच्यासारख्यांना इमारतींच्या आत जाता येत नव्हतं, तेव्हा तो त्यासाठीही बोलला होता. त्याचे विचार आपण भिंतीवर लावतो. ते बोलणं कुणी लावत नाही. मला लॅबमध्ये जायचंय. चौदा फूट जागा पाहिजे."

 टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी डोळ्याला रुमाल लावला, खाली येऊन शाल घातली, मांडीवर नारळ ठेवला. शामकांत सरांनी मोठ्या मनानं जाहीर केलं, की पुढच्या काही वर्षांत कॉलेजला लिफ्ट बसवू. पुन्हा टाळ्या. एकमजली कॉलेजात लिफ्ट कुठून कुठं जाणार, हे कुणी विचारलं नाही. मॅडमना वाटलं, यांना शिवी दिली असती तरी यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत त्या पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसल्या. पोरांना आतून लंबक, स्टँड, घड्याळं आणायला लावली आणि हजेरी सुरू केली. दहा मिनिटांत मागं हॉर्न वाजला. सर काच खाली करून म्हणाले, जरा बाजूला घेता का. मग पोरांना म्हणाले, "धरा रे मॅडमना, सावलीत न्या."

पोरांनी मॅडमकडं बघितलं. कुणीच हललं नाही.

"मी सावलीतच आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "उतार होईपर्यंत प्रॅक्टिकल इथं होईल."

सरांनी गाडी लिंबाच्या झाडाकडं नेली, तीही अशी की धुरळा सगळा लंबकांवर. उघड्यावर वारं लागायचं, लंबक भलतीकडं झुलायचा, आकडे चुकायचे. मॅडम चिडून पुन्हा पुन्हा करायला लावायच्या. दोन आठवडे हे चाललं. रंगनाथ सर लांबून बघायचे. ऑफिसातून ना हुकूम आला, ना नकार.

एका सकाळी भिमाजी आला, हातात टेप आणि पांढऱ्या फक्कीचं घमेलं. मॅडमनी विचारलं, साहेबांनी सांगितलं का.

"न्हाई. पर फक्की मारायला कुनाचा हुकूम लागतोय?"

पायरीपासून त्यानं शेडखाली दोन समांतर रेघा ओढल्या आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मॅडमनी चाकाचे फेरे मोजत खुर्ची रेघेच्या कडेनं हळूहळू नेली, टोकाशी थांबल्या.

"मामा, साडेतेरा आहे."

"आर्ध्या फुटानं काय हुतंय, बाई?"

"पुन्हा मोजा."

भिमाजीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, रेघ पायानं पुसली आणि पुन्हा टेप उलगडला.