समासातलं उत्तर

वाचनालयाच्या समारंभात प्रमुख पाहुणा म्हणून गेलो होतो. गळ्यात हार होता आणि समोरच्या कपाटात ती जुनी इंग्रजी कादंबरी दिसली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक गरीब तरुण पार्लमेंटात जाण्यासाठी प्रेयसीला सोडतो आणि लॉर्डाच्या मुलीशी लग्न करतो, अशी गोष्ट.

कॉलेजात असताना मी आणि सुलभा याच वाचनालयातून हे पुस्तक आळीपाळीने घरी न्यायचो आणि समासात पेन्सिलीने एकमेकांना लिहायचो. त्या लग्नाच्या पानावर मी लिहिलं होतं, 'इतका नीच माणूस असतो का कुठे?' मग पुस्तक तिच्याकडे गेलं. त्याच आठवड्यात मला आमदारांच्या मुलीचं स्थळ आलं. मी हो म्हणालो. पुढे तिकीटही मिळालं. पुस्तक मात्र पुन्हा कधी उघडलं नाही.

आज उघडलं. माझ्या ओळीखाली तिचं बारीक अक्षर होतं : 'असेलही. पण तू तसा नाहीस, एवढं मला पुरे.'

कादंबरीतल्या त्या तरुणाला शेवटी शिक्षा तरी होते. मला गावोगाव हारच घालतात.

ग्रंथपाल संकोचून म्हणाले, "साहेब, पुस्तकात असं लिहिणाऱ्यांचं काय करावं?"

"शिक्षा करा," मी म्हणालो. "खरंच करा हो."

सगळे मोकळेपणाने हसले.