बद्द आवाज

आमचे बाबा गच्च्यांवर चिनी मातीचे तुकडे बसवणारे कारागीर. लालबाग-परळच्या कितीतरी गच्च्यांवरची फुटक्या कपबश्यांची पांढरी फरशी त्यांच्या हातची. काम संपलं की बोटाच्या पेराने तुकडे ठोकून बघायचे, आपण नारळ घेताना बघतो तसे. ठण्ण वाजला तर पक्का. बद्द वाजला की उखडायचा.

गेल्या वर्षी दादरच्या एका टूरबरोबर मी त्यांना इटलीला नेलं. खरं तर त्यांचा खोकला दोन महिने हटत नव्हता. परळच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला होता. ‘परत इल्यावर काढूया,’ बाबा म्हणाले. तिकिटं हातात होती, म्हणून मीही मान डोलावली. कुठे शेण खायला गेली होती माझी अक्कल, कोण जाणे.

तिथे एक मध्ययुगीन चॅपल बघितलं. चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांएवढंच. बाबांनी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. आत भिंतीपासून छतापर्यंत बायझंटाईन मोझॅक, काचेचे सोनेरी-निळे तुकडे, आणि त्यातून मोठ्या डोळ्यांचे संत आमच्याकडे रोखून बघत होते. बाबा खोकले की तो खोकला छताला फिरून परत यायचा. मला तिथे थांबवेना. भीतीच वाटली, सरळ सांगते.

बाबा मात्र हरखून भिंतीपाशी गेले आणि एका संताच्या झग्यावर पेराने ठोकू लागले. ठण्ण. ठण्ण. मग बद्द. रखवालदार ओरडत धावला.

“बाबा, हात काढा! तुमची गच्ची आहे का ही?”

“आत पाणी मुरलाहा गो,” ते हळूच म्हणाले. “वरसून दिसणा नाय. पण ह्या सुटतला.”

मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. चपला घालायला वाकताच त्यांना धाप लागली.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बाबांना शर्ट काढायला लावला, पाठीवर पंजा ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकत वरून खाली येऊ लागले. मी शेजारच्या स्टुलावर होते. उजव्या बाजूला खाली आवाज बदलला. डॉक्टरांनी तिथेच पुन्हा ठोकलं.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“आयकलंस?” ते म्हणाले. “पाणी मुरलाहा.”