बेगडाखालचं शिंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याला सगळं ठाऊक असतं म्हणतात, मग सांगायचं कशाला? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या कुंडलचे नाही आणि उद्या पाण्याच्या टाकीपाशी मला भेटणारही नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवते. गाडीवर ओरखडा उठला त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गाडी शेजारच्या विलासभावजींची. ते फौजेत हवालदार. सुट्टीला येताना पांढरीशुभ्र गाडी घेऊन आले आणि लावली कुठे — तर आमच्या दोघांच्या घरांमधल्या बोळात. त्या बोळातून माणूस जातं, वैरणीचा भारा जातो, बैल जातो. पिढ्यानपिढ्या जातो. आता बैलानं काय पोट आत ओढून, गाडीला सलाम ठोकून जायचं? बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या सकाळी मी चारचौघांत त्यांना बजावलं, "भावजी, गाडी काडा हितनं. आज शिंगं रंगवत्यात. रंग लागला तर मला बोलायचं न्हाई." ते हसले. म्हणाले, बैलासंगं धरणारं माणूस असतंय की वैनी. आणि गाडी तिथंच ठेवून आत गेले.

विलासभावजींचे वडील म्हणजे तात्या. त्यांचा एक बैल, हौशा. आमचा एक, सोन्या. दोन्ही घरांत एकेकच, म्हणून पैऱ्यानं जोडायचे — आज त्यांच्या रानात, उद्या आमच्या. माझा नवरा शिरवळला कंपनीत, कधीमधी येणार. शेत ओढलं ते मी आणि तात्यांनी. मला औत धरायला तात्यांनी शिकवलं. बाईच्या हातात कासरा बघून नाकं मुरडणारे होतेच. त्यांची तोंडंही तात्यांनीच बंद केली. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, विसरले होते असं म्हणणार नाही.

त्या सकाळी मी सोन्याची शिंगं निळी रंगवली. फाटकासाठी आणलेला ऑइलपेंट उरला होता. तात्या रंग मागायला आले, तर डबा त्यांना दिला, वर औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं थिनर ओतून दिलं. हौशाचीही शिंगं निळीच झाली. दोघं सख्खे भाऊ दिसत होते. तात्या त्याला मारुतीच्या पाया पाडून, त्याच बोळातून सकाळीच घरी घेऊन आले.

दुपारी पुरणपोळीवर ताव मारून सगळी आळी आडवी झाली होती. मी सोन्याला देवळाकडे न्यायला बाहेर काढला. पावसाळी हवा, शिंगावरचा रंग अजून ओलाच. गाडीपाशी आल्यावर सोन्यानं मान हलवली — माशी बसली असेल. शिंग कुठे चाललंय ते मला दिसत होतं. कासरा माझ्या हातात होता. ओढता आला असता का?

आला असता. ओढला नाही. सकाळचं ते हसणं आठवलं आणि कासरा तसाच ढिला राहू दिला. मागच्या दारावर करकर वाजलं. निळा फराटा, आणि त्यात एक बारीक ओरखडा. मला बरं वाटलं — आता खोटं कशाला बोलू?

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. सकाळी एवढ्यांदा बोलले होते, ते आता माझ्याच अंगाशी येणार होतं. गाव म्हणणार, बाईनं सांगून-सवरून केलं. मी सोन्याला माघारी आणून बांधला आणि चिंधीवर थिनर घेऊन दार पुसायला लागले. रंग गेला, पण त्याच्याबरोबर दाराची चकाकीही गेली. तळहाताएवढा भाग अगदी मेलेला दिसायला लागला, आणि ओरखड्यातली निळी रेघ काही निघेना. इकडे सोन्याच्या शिंगावरचा रंगही खरवडला होता. मग मी काय केलं असेल? पेटीतून बेगड काढला. शिंगांना चिकटवायचा तो चमचमता सोनेरी कागद. दोन्ही शिंगं बुडापासून शेंड्यापर्यंत मढवली आणि संध्याकाळी वाजतगाजत मिरवणुकीला नेली. सोन्या किती देखणा दिसतोय, असं बायका म्हणाल्या, आणि मी मान डोलावली.

मिरवणुकीहून आल्यावर विलासभावजींना ओरखडा दिसला. ते आधी आमच्या गोठ्यात आले. सोन्याची शिंगं सोन्यासारखी लखलखत होती. मग त्यांच्या गोठ्यात गेले. हौशाला दावणीला शिंगं घासायची खोड, त्यामुळे एका शिंगाचा रंग निघालेला. कोनाड्यात थिनरची बाटली. आणखी काय पाहिजे?

तात्या शपथेवर सांगत होते, हौशा गाडीपासून लांबून गेला, मी स्वतः धरला होता. विलासभावजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले, आजाऱ्याशी बोलावं तसं. "तात्या, लागलं बी तुमच्याच बैलाचं, पुसलं बी तुमीच. आन् आता तुमच्या ध्यानात न्हाई." त्यांची बायको म्हणाली, परवा विहिरीवरची पाण्याची मोटारही चालू ठेवून आले होते. कोण म्हणालं चष्मा डोक्यावर आणि शोधत होते घरभर. अशा गोष्टी कुणाच्या घरात होत नाहीत? पण त्या संध्याकाळी सगळ्या एका माळेत ओवल्या गेल्या.

मी कुरवड्यांचं ताट घेऊन दारात उभी होते. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमन, तू तर दारातच असतीस गं. कासरा माज्या हातात हुता न्हवं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सुटला आसंल, तात्या. वय झालं आता."

हे ते. ओरखडा नव्हे, थिनर नव्हे, बेगडही नव्हे. हे एक वाक्य. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. आणि वर "वय झालं" हे तर कुणी विचारलंही नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलं.

गाडीचं काय झालं? पलूसच्या गॅरेजात नेली, पॉलिश मारलं, त्याच दिवशी दार नव्यासारखं होऊन आलं. ओरखडा कुठे होता ते आज मलाही दाखवता येणार नाही. हौशाला मात्र भावजींनी सुट्टी संपायच्या आत विकून टाकलं. म्हाताऱ्याच्या हातात बैल नको म्हणाले. नंतर तात्या कडी लावली का म्हणून पुन्हापुन्हा उठून बघायला लागले. जेवलो का, असं सुनेला विचारायला लागले. रानात येणं त्यांनी आपणहून सोडलं. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोकं ठणठणीत आहे. तात्या म्हणाले, डॉक्टरला काय ठावं.

तुम्ही म्हणाल, हिला देवानं शिक्षा दिली असेल. अजिबात नाही. सोन्याची जोड मोडली, मग मी ट्रॅक्टर लावला. काम लवकर उरकतं आणि ऊसही जोमात आहे. मला झोप लागते. भावजींशी माझं चांगलं आहे, आणि गाडी आता ते बोळात लावत नाहीत — म्हणजे भांडण मीच जिंकले, नाही का? तात्यांना खरं सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. रोज संधी होती. सांगितलं नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, मी ऐकून घेणार नाही आणि समजावतही बसणार नाही.

सुरुवातीला तात्या दर बेंदराला मला विचारायचे, कासरा माझ्या हातात होता ना गं? मी दर वेळी तेच उत्तर द्यायची. यंदा त्यांनी विचारलं नाही. आमच्या कट्ट्यावर बसून ते एका पाहुण्याला आपणहून सांगत होते — हौशाला कसा बोळातून आणला, हात कसा सैल पडला. "मागच्या दारावर करकर वाजलं," ते म्हणाले. "ह्या कानांनी ऐकलंय म्या."

तो आवाज या जगात फक्त मी ऐकला होता.

पाहुण्याला खरं वाटेना. तात्यांनी माझ्याकडे हात केला. "सुमनला इचार. तिला समदं ठावं हाय."

मी "व्हय" म्हणाले आणि त्यांच्या कपात चहा ओतला.