इंचआत्याचं स्वयंपाकघर

इंचआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी ओट्याकडे बघायची, माणसांकडे नंतर. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच तिनं आईला सांगितलं होतं, "तुमचा ओटा दीड इंच उंच झालाय. उजवा खांदा दुखत असेल." आईचा खांदा तेव्हा वर्षभर दुखत होता आणि त्यावर तीन प्रकारची तेलं चोळून झाली होती. आत्यानं पर्समधून स्टीलची सहा इंची पट्टी काढली, जमिनीपासून वर सहा वेळा लावली, सातव्यांदा थोडी लावली आणि स्वतःचीच चूक सुधारली. दीड नव्हे, पावणेदोन. बाबांनी मग ओट्यापुढे उभं राहायला लाकडी पाट करून घेतला. खांदा पाटानं बरा झाला की तेलानं, यावर आईबाबांचं कधी एकमत झालं नाही.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर वसंतकाका राहायचे, त्यांची ही मोठी बहीण. सातपूरच्या एका कारखान्यात ती ट्रेसर होती. म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचं, आणि त्यानं बदल सांगितला की शाईची रेघ ब्लेडनं अलगद खरवडून तिथंच नवी काढायची. वीस वर्षं तिनं हे केलं. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि ती घरी आली. तिचं लग्न झालं होतं, विंचूरला दिली होती, पण वर्षाच्या आतच ती माहेरी परतली. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आईनं मला विचारू दिलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना माझ्या वर्गातल्या एका मुलीला मामानं परदेशातून बाहुलीघर आणलं. त्यात गुलाबी स्वयंपाकघर होतं. मला तसंच हवं म्हणून मी जिन्यात बसून रडत होते. आत्या भाजी घेऊन वर चालली होती. तिनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "त्याची कपाटं उघडतात का?" मी आठवून पाहिलं. उघडत नव्हती. दारं नुसती रंगवलेली होती, फ्रिजसुद्धा भरीव होता. "मग त्यासाठी कशाला रडतेस," ती म्हणाली आणि पिशवी उचलून वर गेली. दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणि संपलेल्या गोळ्यांची पाकिटं आणायला सांगितली.

एका फुटाला एक इंच, हे तिचं माप. त्यावरूनच आम्ही मुलांनी तिला इंचआत्या केलं. लग्नपत्रिकेचे जाड पुठ्ठे एकावर एक चिकटवून ती कपाटांचे सांगाडे करायची. बिजागरी म्हणून कापडाची बारीक पट्टी, मुठीच्या जागी स्टेपलरची पिन. काळ्या पॉलिशपेपरवर नेलपॉलिशचे दोन हात दिले की ग्रॅनाइटचा ओटा तयार. गोळ्यांच्या पाकिटातला चांदीसारखा खळगा कापून ओट्यात बसवला की सिंक, आणि त्यावर वाकवलेल्या पेपरक्लिपचा नळ. शेगडीला ब्लाउजची टिचबटणं. फोटोच्या रोलची डबी लाल रंगवली की सिलिंडर, तोही मापात. टूथपेस्टच्या खोक्याच्या फ्रिजमध्ये तिनं शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकचे कप्पे केले होते आणि दाराच्या आत अंड्यांची जागासुद्धा. त्यात मी भातुकलीतली वाटी ठेवायला गेले तर तिनं ती काढून घेतली. म्हणाली, "या वाटीत तुझी बाहुली आंघोळ करेल."

"खोटं करायचं, पण खोटारडं करायचं नाही," असं ती म्हणायची. पुठ्ठ्याचा फ्रिज खोटा, त्याला तिची हरकत नव्हती. ज्याचं दार उघडत नाही तो फ्रिज खोटारडा. उघडलेल्या कपाटात काहीच नसेल तर तेही खोटारडं, म्हणून तिच्या कपाटांमध्ये खडूच्या चुऱ्याचं पीठ आणि राजगिऱ्याच्या दाण्यांची डाळ असायची. कुणाच्या पालकांनी तयार वस्तू आणून देऊ केल्या तर ती त्या परत पाठवायची. विकत आणायला अक्कल लागत नाही, असं तिचं मत होतं.

पुढे दर उन्हाळ्यात आम्ही सहा-सात मुली तिच्याकडे शिकायला जाऊ लागलो. वर्ग भरायचा पॅसेजमध्ये, इस्त्रीच्या टेबलावर. साडेअकरा वाजले की सगळं आवरून टेबल भिंतीला लावावं लागे, कारण जेवायला बसणाऱ्यांची ये-जा सुरू व्हायची. त्या घरात आत्याला एक कपाट होतं आणि हॉलमधली दिवाणाची जागा होती. स्वयंपाकघर वसंतकाकांच्या बायकोचं, सुधाकाकूंचं. काकू दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी आत्याला कधी उपाशी ठेवलं नाही की टाकून बोलल्या नाहीत. फक्त आत्या आत गेली की त्या म्हणायच्या, "वन्सं, तुम्ही बसा ना, मी देते." हे त्या इतक्या वेळा आणि इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की आत्यानं आत जाणंच सोडलं. एकदा कात्री चालवता चालवता ती मला म्हणाली होती, "माझ्या हातचा चहा मी शेवटचा कधी प्यायले, आठवत नाही गं." मी तेव्हा बारा वर्षांची होते. मला ते विनोदी वाटलं.

मी इंटिरिअरचा कोर्स केला आणि गंगापूर रोडला लहानसं ऑफिस थाटलं, त्याचं मूळ त्या इस्त्रीच्या टेबलावर होतं, यात शंका नाही. त्यामुळे वसंतकाकांनी स्वयंपाकघर नवं करायचं काम मला दिलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आत्याला झाला. ती तेव्हा सत्तरीच्या पुढे होती, गुडघे गेले होते, फार वेळ उभं राहवत नव्हतं. तरी तीन आठवडे खपून तिनं त्या स्वयंपाकघराचं मॉडेल केलं आणि रिक्षानं स्वतः माझ्या ऑफिसात घेऊन आली.

मी आजवर पाहिलेलं तिचं सगळ्यात सुंदर काम ते होतं. ड्रॉवर सरकत होते. चिमणी होती, मिक्सर होता. खोडरबराच्या बैठकीवर पेनाच्या टोपणाचं भांडं. आणि खिडकीखाली, ओट्यापेक्षा बरीच खाली घेतलेली दोन फुटांची एक फळी होती, तिच्यापुढे स्टूल. फळीवर एक्स-रेच्या काळ्या फिल्मचा चौकोन कापून केलेली इंडक्शनची शेगडी आणि तिच्यावर चहाचं पातेलं. मी त्या फळीकडे बघतेय हे पाहून ती जरा घाईनं बोलली. "बसून भाजी निवडता येईल. आणि चहा करता येईल मला. सुधाच्या गॅसला हात लावायला नको, तिची अडचण नको." मी तिचा हात हातात घेऊन सांगितलं की फळी होणार, अगदी अशीच होणार.

चार दिवसांनी सुधाकाकू एकट्याच आल्या. कॉम्प्युटरवरचं चित्र त्यांनी शांतपणे पाहिलं, सगळ्याचं कौतुक केलं. मग खिडकीखाली बोट ठेवून म्हणाल्या, "इथं तो उंच कपाटवाला ओव्हन बसेल ना गं? फळी केलीस तर वन्सं दिवसभर तिथंच बसून राहतील. मला माझ्या घरात हलता यायचं नाही." मी आत्याच्या गुडघ्यांचं काहीतरी पुटपुटले. काकू म्हणाल्या, "राबायचं मला आहे." हे खरंच होतं. माझ्या धंद्यात हे वाक्य मी रोज ऐकते आणि जी बाई राबते तिचं ऐकायचं असतं, असं मी स्वतःला समजावलं. त्या निघून गेल्यावर मी फळी काढली आणि तिथं कपाट टाकलं. अर्धा मिनिटही लागलं नाही.

मी आत्याला सांगितलं नाही. काम सुरू असताना ती हॉलमध्ये दिवाणावर बसून असायची, सुताराला मापं विचारायची, आणि मी तिच्यासमोरून जाताना फोन कानाला लावायचे. आज सांगू, उद्या सांगू करता करता कपाट येऊन उभं राहिलं.

त्या दिवशी काका-काकूंनी पेढे आणले होते. आत्या भिंतीला धरत धरत आत आली. खिडकीखाली छतापर्यंत गेलेलं ते पांढरं कपाट तिनं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पर्समधून पट्टी काढली आणि कपाटाच्या रुंदीला चार वेळा लावली. म्हणाली, "चोवीस इंच. बरोब्बर बसलंय." मग फटीवरून बोट फिरवून, "काम नेटकं झालंय हो," असं काकांना सांगून ती बाहेर गेली. पेढा तिनं घेतला.

माझ्या ऑफिसातच राहिलेलं मॉडेल मी तिच्याकडे मागितलं. ती म्हणाली, ठेव तुझ्याकडे. माझ्या ऑफिसात ते काचेच्या पेटीत राहिलं. येणारी गिऱ्हाइकं त्याच्यापुढे थबकायची, लहान मुलं फ्रिज उघडून दाखवा म्हणायची, आणि मापाच्या बाबतीत ही बाई पक्की असणार असा त्यावरून माझ्याबद्दल लोकांचा समज व्हायचा. कुणी केलं, असं विचारलं की मी "आमच्या एका आत्यानं" असं म्हणायचे आणि विषय बदलायचे.

दोन वर्षांनी ती न्हाणीघरात पडली. हाड जुळलं, पण नंतर तिचं सगळं करावं लागे आणि काकूंचीही पाठ धरलेली. इगतपुरीजवळच्या एका वृद्धाश्रमात तिची सोय केली. मी तिला भेटायला गेले ती एकदाच, श्रावणात. तिकडचा पाऊस सकाळपासून थांबला नव्हता, व्हरांड्यात ओले कपडे टांगले होते. आत्या खुर्चीत बसली होती. मी पत्रिका, गोंद, रंग असं बरंच काही नेलं होतं. तिनं पिशवीत डोकावून पिशवी बाजूला ठेवली आणि हात पुढे करून दाखवले. दोन्ही हात थरथरत होते.

मग मी सांगून टाकलं. म्हटलं, "आत्या, खिडकीखालची फळी मीच काढली होती."

"माहितेय. ड्रॉइंग तुझंच होतं ना," ती म्हणाली.

मी पिशवीतल्या पत्रिका उगाच नीट लावत बसले. मग कपड्यांकडे बघत ती म्हणाली, "मला सांगायचं होतंस. मीच खरवडून दिली असती. वीस वर्षं तेच केलं, कुणी सांगितलं की रेघ काढायची. तुला नाही म्हटलं असतं का?" आवाजात राग नव्हता. पुढे तिनं नाशिकला ऊन पडतं का, एवढंच विचारलं आणि तिच्या जेवणाची घंटा झाली.

थंडीत ती गेली. तेराव्याला सुधाकाकूंचा फोन आला की ते मॉडेल घेऊन ये, फोटोशेजारी ठेवू, त्यांची एवढी आठवण आहे ती. मी घेऊन गेले. काकूंनी स्वतः टेबल पुसून त्यावर ते ठेवलं, दिवा लावला आणि खरोखर रडल्या. आलेले नातेवाईक वाकून वाकून बघत होते, बोटाच्या टोकानं ड्रॉवर ओढत होते. एवढी कला होती, कधी बोलल्या नाहीत, असं एकमेकांना सांगत होते.

कळवणहून आलेल्या आत्याच्या एक चुलतबहीण होत्या, तिच्याच वयाच्या. त्या मॉडेलपाशी बराच वेळ बसल्या. मग उठून स्वयंपाकघरात डोकावून आल्या आणि मला विचारू लागल्या, "हे खिडकीखाली काय गं? स्टूल हाय, शेगडी हाय. आत तर तिथं कपाट दिसतंय."

सुधाकाकू पत्रावळी घेऊन दारात उभ्या होत्या. वसंतकाका फोटोच्या हाराकडे बघत होते. मी म्हटलं, "ते असंच, शोभेसाठी केलं होतं तिनं."

"हौशी होती बाई," असं म्हणून त्या जेवायला बसल्या. मीही बसले. काकूंनी माझ्या पानात आग्रह करून आणखी एक जिलबी वाढली, आणि मी ती खाल्ली.