दातांच्या खुणा

ओल्या पिसांचा वास आला की आमच्या तलावाचा काठ आठवतो. इंग्रजांच्या काळात तिथे देशभरातले शिकारी कुत्रे स्पर्धेला आले होते. यजमान माझे मालगुजार वडील. गोळी लागून पडलेलं बदक दात न रुतवता आणायचं, हा नियम.

आमच्या कुत्र्यानं बदकाच्या फासळ्या मोडल्या. वडिलांची लाज राखायला मी ते बदक तिरोड्याच्या सोमाच्या कुत्रीनं, राणीनं, आणलेल्या बदकाशी गुपचूप बदललं. राणी बाद झाली. तिचं बदक अखंड होतं, हे आज लिहून ठेवतो.

"काऊन मालक? इच्या तोंडात अंडाबी फुटत नाही!" सोमा ओरडला.

"मग बदकानं सोताच फासळ्या मोडल्या का गा?" मी म्हणालो, आणि सगळे हसले.

सोमानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानं राणीला पहिल्यांदाच काठीनं मारलं. मार चुकवायला ती त्याच्याच पायांमागे लपत होती.