विकाऊ घरातली तुळस

माझ्या भाच्याने परवा दिलसुखनगरचा फ्लॅट विकायला काढला. दलालाने त्याला सांगितलं, बाल्कनीत कुंड्या मांडा, हिरवळ दिसली की गिऱ्हाईक खूश होतं आणि भाव चढवून देतं. मग काय, या पठ्ठ्याने नर्सरीतून कुंड्या आणल्या, त्याही आठवड्याच्या भाड्याने! आणि मला फोनवर ऐकवतो, "मावशी, एकदम नवी आयडिया आहे." नवी म्हणे! अरे बाबा, तुझी आई पाळण्यात होती तेव्हा आम्ही जामबाग मोहल्ल्यात अख्खी बाग नटवून बसलो होतो. आणि तीसुद्धा स्वतःची नव्हे, शेजाऱ्यांची.

शेजारी म्हणजे खाला आणि तिचे यजमान खालूजान. आमच्या नि त्यांच्या आवाराच्या मध्ये एक भिंत होती आणि भिंतीत एक बुटकं दार. त्या दारातून दिवसभर वाट्या जायच्या आणि यायच्या. आईची आणि खालाची मैत्री गोडगोड बोलण्यातली नव्हती. दोघी एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या, सकाळी भांडायच्या आणि दुपारी त्याच दारात बसून मेथी निवडायच्या. रझाकारांच्या दिवसांत खालाने आम्हा सगळ्यांना आपल्या मागच्या खोलीत घेतलं होतं. पोलीस ॲक्शननंतर शहरात वारं उलटं फिरलं, तेव्हा खालूजान आमच्या माळ्यावर कणगीआड बसून होते. तिथे त्यांना उंदीर चावला. आमच्याकडचे उंदीर किती बेअदब, हे ते आईला पुढे आयुष्यभर ऐकवायचे.

पण त्यानंतर खालूजान बदललेच. सरकारी कचेरीत त्यांचा मोठा मान होता. नवे साहेब आले आणि यांची खुर्ची आतल्या दालनातून व्हरांड्यात आली. कालपर्यंत वाकून सलाम करणारे शिपाई नजर चुकवायला लागले. थोरला भाऊ कराचीला गेला होता, तो निरोपावर निरोप धाडत होता. एक दिवस खालूजान आमच्या ओसरीवर येऊन वडिलांना म्हणाले, "वकीलसाब, मकान बेच देता हूँ. अब यहाँ क्या रखा है?"

खालाला कुणी विचारलंच नाही. ती त्या दारात बसून डोळे पुसत आईला म्हणाली, "मेरेकू नक्को जाना, बाई. वहाँ कौन है मेरा? एक जेठानी. वो चाय की शक्कर भी ताला खोल के देती." त्या घरात ती चौदाव्या वर्षी नवरी होऊन आली होती. तो पेरू, तो मोगरा, ती मेंदीची कड, सगळं तिच्या हातचं होतं. आई म्हणाली, "आपा, तुम काळजी मत करो." आईचं हिंदी असंच होतं. पण काळजी करू नको म्हणजे काय करायचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मला मात्र खालूजानचा असा राग आला होता की बोलायची सोय नाही.

आमचे वडील वकील. त्यामुळे जगात कुणाचंही काहीही चाललेलं असो, त्यात सल्ला द्यायचा हक्क आपल्याला आहे असं ते धरूनच चालत. ते खालूजानना आपल्या कोर्टातल्या उर्दूत म्हणाले, "आता येणारं गिऱ्हाईक हिंदू असणार. नागपूरकडचे, मद्रासकडचे अधिकारी. फाटकातून आत पाऊल टाकलं की त्याला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. दार उघडताच समोर काय दिसायला हवं? तुळस!" खालूजानना पटलं. माणूस घाबरला की त्याला काहीही पटतं.

झालं, मग सुरू झाला बागेचा साजशृंगार. कोंबड्यांचं खुराडं मागे गेलं. बकरी आमच्याकडे आली आणि तिने आल्या आल्या आईची कोथिंबीर फस्त केली. पेरूखालचा तख्त, हुक्का, पिकदाणी, सगळं आत गेलं. कुंड्यांना गेरू फासला. हौजात कुठूनसा कमळाचा कांदा आणून सोडला. आमची जास्वंद, शेवंती, झेंडू, एकूण एक कुंडी त्या बुटक्या दारातून पलीकडे गेली, आणि ओढायला मी! हाताला घट्टे पडले माझ्या. आमच्या आवारात उरली फक्त तुळस, धुण्याची शिळा आणि तिच्याभोवतीचा झाडोरा. वडील फाटकात उभे राहून डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "अजून थोडं सात्त्विक पाहिजे." शेवटी ते घर इतकं हिंदू दिसायला लागलं की आमच्याकडे येणारे भटजी दोनदा चुकून तिकडेच शिरले.

वृंदावन बांधायला खालूजाननी त्यांच्या नेहमीच्या गवंड्याला बोलावलं. त्या बिचाऱ्याने जन्मात वृंदावन बांधलेलं नव्हतं. वडिलांनी त्याला हातवारे करून सांगितलं, खाली ओटा, वर कुंडी. मागे शहाबादी फरशीचे लांब तुकडे पडले होते, त्याने तेच वापरले. ओटा झाला चांगला माणूसभर लांब. वडील म्हणाले, "ऐसपैस आहे."

तुळशीचं रोप आईने द्यायचं ठरलं. आईने एक कुंडी माझ्या हातात दिली. मी ती छातीशी धरली आणि नाकाला वास आला. आमच्या धुण्याच्या शिळेपाशी सब्जाचा ताटवा होता, उन्हाळ्यात सरबतात बी घालायला. त्याचं मूळ रोप खालानेच कधीतरी दिलेलं. मी म्हटलं, "आई, अगं ही तुळस नाही, हा तर सब्..." आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोंड मीट आणि चालू लाग."

मी चालू लागले. खालाने कुंडी घेतली, एक पान चुरगळलं, नाकाशी नेलं. मग तिने दाराकडे पाहिलं. आई तिथे पदर खोचून उभी होती. खाला एवढंच म्हणाली, "माशाल्ला, क्या तुलसी है!" आणि कितीतरी दिवसांनी तिच्या गालाला खळी पडलेली मी पाहिली.

आता तुम्ही म्हणाल, पुरुषांना कळलं कसं नाही? कसं कळणार! वडिलांच्या तीर्थाच्या पळीत रोज तुळशीचं पान असायचं, पण ते आयतं, आईने आणून ठेवलेलं. खालूजान दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, आपल्या वडिलांच्या कबरीवर फुलं आणि सब्जा वाहायला जायचे, पण तोही आयता, पानात बांधून विकत घेतलेला. रोपाशी दोघांचाही कधी संबंध आला नव्हता. उलट रोप झपाट्याने वाढलं, पांढरे तुरे आले, तसे वडील ज्याला त्याला सांगायला लागले, "वास्तू शुभ आहे, बघा कशी फोफावली!"

पुढे संक्रांत झाली आणि गिऱ्हाईक आलं. नागपूरकडचे एक अधिकारी, त्यांची बायको आणि त्यांची म्हातारी आई. मराठी माणसं! वडिलांना कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. अधिकाऱ्यांना घर आवडलं, हौज आवडला, बाई तर कमळाच्या पानांपुढून हलेनात. खालूजान निजामी नाही, कलदार रुपयात भाव बोलले आणि गिऱ्हाईकाने मान डोलावली. मी सरबताचा ट्रे धरून उभी होते. पडद्याआड खाला होती, तिच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला.

तेवढ्यात म्हातारबाई वृंदावनाकडे वळल्या. हात जोडले, एक पान खुडलं आणि तोंडात टाकणार, तोच थबकल्या. वास घेतला. पुन्हा घेतला.

"अगं बाई! हा तर सब्जा!"

"छे छे, आजी, तुळस आहे ती," वडील म्हणाले. "वेगळ्या जातीची."

"मला शिकवता? साठ वर्षं तुळशीला पाणी घालतेय मी. सब्जा आहे हा. आणि सब्जा लावतात कशावर, माहीत आहे ना?" असं म्हणत त्यांची नजर खाली गेली, त्या माणूसभर लांब ओट्यावर. त्या दोन पावलं मागे सरल्या. "कोण आहे हो खाली?"

वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. खालूजानना मराठी कळत नव्हतं. ते हसतमुखाने विचारत होते, "क्या फ़रमा रही हैं?" आणि आमचे वकीलसाहेब, भर कोर्टात कुणाला हार न जाणारे, म्हणाले, "पौधे की उम्र पूछ रही हैं."

म्हातारबाई काही हार मानणाऱ्या नव्हत्या. सरळ पडद्यापाशी गेल्या. "क्यों हो बाई, खरं सांगो. इधर नीचे कोई है क्या?"

मला वाटलं आता खालाला हसू फुटणार. पण खालाचा आवाज आला तो रडवेला. "हमारे सब बड़े इसीच मिट्टी में हैं, अम्मा."

तिने काही खोटं सांगितलं नव्हतं. पण म्हातारबाईंनी सुनेचा हात धरला तो थेट टांग्यात बसेपर्यंत सोडला नाही. अधिकारी बिचारे "आई, अगं आई" करत मागून धावले. सरबत तसंच राहिलं. मीच प्यायले दोन ग्लास.

मग जी काय सभा भरली! वडिलांनी खालूजानना खरं काय ते सांगितलं आणि आईवर कडाडले, "तुला तुळस ओळखता येत नाही?" आई म्हणाली, "अहो, संध्याकाळची वेळ होती, हाताला आलं ते दिलं." सकाळी दहाला दिली होती. मी तिथेच होते.

मला वाटलं, आता खालूजान खालावर भडकणार. पण ते वृंदावनाशी गेले, पान चुरगळलं आणि नाकाशी धरून त्या शहाबादी ओट्यावर बसले. शेवटी म्हणाले, "वहाँ जुमेरात को किसके पास जाऊँगा?" मी त्यांच्यावर इतके दिवस रागावले होते, तो राग कुठे गेला मला कळलं नाही.

पण पुरुषमाणूस, एकदा बोललेला शब्द मागे कसा घेणार? विक्री चालूच असल्याचं त्यांनी जाहीर केलं. सब्जा मोगऱ्याशेजारी हलला, आणि वडिलांच्या डोळ्यांदेखत आईला खरी तुळस द्यावी लागली. त्यानंतर गिऱ्हाईकं आली, नाही असं नाही. पण कुणाची बोलण्याची रीतच खालूजानना आवडली नाही, कुणी म्हणे पेरू तोडणार होता. पाहता पाहता खुराडं पुढे आलं, हुक्का बाहेर आला. मरेपर्यंत ते सांगत राहिले की घर विकाऊच आहे, फक्त मनासारखा भाव येत नाही. आमच्या कुंड्या त्यांनी कधीच परत केल्या नाहीत.

खालूजान गेले, नंतर आमचे वडील गेले. दोन घरांत दोघी उरल्या, आणि ते बुटकं दार. मी सासरहून माहेरी आले की तिथेच दोघी दिसायच्या, मेथी निवडत आणि एकमेकींना नावं ठेवत.

आई गेली ती वैशाखात. भर दुपारी तिचा श्वास लागला. गंगाजल होतं, पण तुळशीपत्र? आईने अंथरूण धरल्यापासून आमच्या तुळशीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. उन्हाने तिच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. मी वेड्यासारखी त्या काड्यांत एखादं तरी हिरवं पान शोधत होते, तेवढ्यात बुटकं दार वाजलं. खाला. कमरेत वाकलेली, हातात ओला रुमाल आणि रुमालात तुळशीची डहाळी. खालूजान गेल्यावरही, घर विकायचं नाही हे ठरल्यावरही, तिने त्या तुळशीला रोज पाणी घातलं होतं.

नांदेडहून आलेली काकू कुजबुजली, "त्यांच्या हातचं चालेल का गं?"

"त्यांच्याच हातचं चालेल," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की काकू भिंतीला टेकली.

खाला आईजवळ बसली. डहाळी तिच्या नाकाशी धरून म्हणाली, "सूँघ के देख लो, बाई. इस बार असलीच है."

आईचे ओठ किंचित हलले. हसायला लागतं तेवढा जीव तिच्यात उरला नव्हता. म्हणून खालाच हसली, दोघींच्या वाटचं, आणि हसता हसता तिने ते पान आईच्या तोंडात ठेवलं.