दामलेबाई आणि तगरीचे पान

१२ जानेवारी १९८९, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, ठाण्याच्या खाडीकाठच्या एका चाळीत दामलेबाईंनी माझ्या हातातले तगरीचे पान काढून घेतले.

"हात कशाने धुतलेस?"

"जंतुनाशक साबणाने."

"मग हे फेकायलाच हवं. हे पान आता तुझ्या साबणाची साक्ष देईल."

बाई वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक. मी त्यांची संशोधक विद्यार्थिनी. चाळीसमोर कचऱ्याचा डेपो होता आणि चाळ खोकत होती. डेपो हलवण्याबाबतची सुनावणी महिन्यावर आली होती. आमचा पुरावा म्हणजे दारोदार ठेवलेल्या तगरीच्या कुंड्या. हवेतले जिवाणू पानांवर बसत. पान अगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खळीच्या, थाळीवर दाबले की दोन दिवसांत त्यांचे ठिपके उगवत. ते आधी मी मोजायचे, मग बाईंनी, एकमेकींना न सांगता. "एक आकडा चुकला, की डेपोच्या ठेकेदाराचा वकील उरलेले सगळे खोटे ठरवील," असे त्या बजावत.

डेपोला सर्वांत जवळची कुंडी हिरामावशींच्या दारात होती आणि नेमकी तिचीच पाने सर्वांत स्वच्छ निघाली. "फारच सभ्य आकडा," बाई म्हणाल्या. मला ठेकेदाराच्या माणसांचा संशय आला, बाईंना माझा. "रागावू नकोस. संशय सगळ्यांवर सारखाच घ्यायचा असतो."

दुसऱ्या सकाळी आम्ही न कळवता गेलो, तर मावशी ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होत्या.

"तुमचा झार आमचे दारान. मलका कसा ठेवाचा, बाय?"

"मावशी, हा मळ तुमचा नाही, समोरचा आहे. सुनावणीपर्यंत राहू द्या," बाई म्हणाल्या.

"आन लोकं मना आलशी म्हनतील तं?"

"माझं नाव सांगा."

मावशींनी मान्य केले. तरीही बाई अधूनमधून अवेळी जाऊन ते फडके कोरडे आहे ना, हे चाचपून येत.

सुनावणीला चार दिवस उरले असताना बाईंना हृदयविकाराचा झटका आला. मावशींच्या कुंडीची शेवटची थाळी मी चिकटपट्टीने बंद करून रुग्णालयात नेली. बाईंनी उशीला टेकून, काचेवर पेनाने खुणा करत ठिपके मोजले.

"१८३."

"बाई, मला १८४ मिळाले."

"कडेचा तो मला पटत नाही. उद्या उजेडात बघ."

"एकाने काय बिघडतं?"

"अगं, वकील त्या एकाचीच वाट बघतोय."

पहाटे बाई गेल्या. दुपारी त्यांच्या घरून मी थेट प्रयोगशाळेत आले आणि थाळी खिडकीशी धरली. त्या चुकल्या असाव्यात असे मला वाटत होते की नसाव्यात, हे ठरवता येईना. भिंगाखाली कडेचा ठिपका पोकळ दिसला. तो हवेचा बुडबुडा होता. मी पहिल्यापासून पुन्हा मोजले आणि सुनावणीच्या तक्त्यात लिहिले: १८३.